निकाली

न्यायाधीश निरंजन पानसेंच्या समोर पुकारा झाला तेव्हा चिमाबाई एकटीच पुढे आली. भरे गावची ही मेंढरं राखणारी म्हातारी एकोणीस वर्षं त्या कोर्टाच्या पायऱ्या चढत होती. डोंगराकडेची तिची दोन एकर जमीन गावच्या हैबतरावांनी बळकावली, असा तिचा दावा.

"वकील कुठे आहेत?"

"पुन्याला गेल्यात, सायेब."

"आणि साक्षीदार? तुमचे यजमानच ना?"

"मागल्या सोमवारी गेलं ते."

निरंजनने फायलीवरचं साल पाहिलं. पुढच्या महिन्यात त्याला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. पन्नाशीला न्यायाधीशाचं सगळं काम वरून तपासलं जातं. नोकरीत ठेवायचा की घरी पाठवायचा, ते तेव्हाच ठरतं. तुमच्याकडे जुने दावे फार पडून आहेत, असं त्याला दोनदा लेखी आलं होतं. या दाव्यात आता नवे साक्षीदार, नव्या तारखा, आणखी दोन वर्षं सहज गेली असती.

त्याने आवाज मऊ केला. "आजी, या वयात किती खेटे घालणार? एका कागदावर अंगठा द्या. या दाव्यासाठी पुन्हा यावं लागणार नाही."

चिमाबाईने जरा विचार केला. "म्हंजी हैबतराव आता कोर्टात भांडनार न्हाई?"

दावा मागे घेतलात तर जमीन त्यांच्याकडेच राहील, एवढं एक वाक्य पुरलं असतं. हैबतरावांचा वकील मान खाली घालून मोबाइल बघत बसला होता.

"नाही भांडणार," निरंजन म्हणाला.

ती हसली. कारकून राजूने तिचा अंगठा धरून शाईवर दाबला. जाताना तिने लाकडी कठड्याला हात लावला आणि तो कपाळी नेला.

तीन महिन्यांनी पत्र आलं. निरंजनला सेवेत पुढे ठेवलं होतं. त्याच्या बायकोने, शुभांगीने, बावधनच्या फ्लॅटवर चार घरं जेवायला बोलावली.

फौजदारी खटलेही त्याच्याकडेच चालत; त्याच आठवड्यात पोलिसांनी त्याच्यासमोर एक आरोपी उभी केली. हैबतरावांच्या जमिनीत घुसून मेंढरं चारली, हटकणाऱ्या रखवालदारावर काठी उगारली. रखवालदाराला काही लागलं नव्हतं. आरोपीचा खालचा ओठ फाटला होता, आणि मनगटावर पट्टी होती. चिमाबाई.

निरंजनला पाहून तिचा चेहरा उजळला. शेजारच्या पोलीस बाईला ती म्हणाली, "आता काळजी न्हाई. लई भलं हायेत हे सायेब. ह्यांनीच तर जमीन सोडवून दिली आमाला."

पोलीस बाईने वर पाहिलं. राजूची टाइप करणारी बोटं थांबली.

निरंजन कागदाकडे बघत होता. "गुन्हा कबूल आहे का?"

"तुमी म्हनाल तसं, सायेब," चिमाबाई म्हणाली.