मांडीवरचे हात

जेवणाआधी टेबलाभोवती एकमेकांचे हात धरून प्रार्थना करायची, ही आमच्या घरची रीत. आज मी माझे हात मांडीवरून हलवलेच नाहीत. बाबा भडकले.

“छापखान्यातल्या त्या नास्तिकांची संगत, दुसरं काय! ढवळ्याशेजारी पवळा बांधला की गुण लागणारच!”

“तिथे मी रोज प्रार्थना करते, बाबा. मी डोळे मिटले की ते मशीन बंद करतात. माझं आमेन होईपर्यंत कुणी घाससुद्धा उचलत नाही.”

“मग घरातच काय धाड भरते तुला? मुकाट्याने हात धर!” त्यांनी पंजा माझ्यापुढे धरला.

“काल चर्चमधून आल्या आल्या याच हाताने आईच्या कानाखाली वाजवलीत. तो धरून प्रभूकडे काय मागू?”