उजव्या हाताचं माप

दोरा तोकडा होता.

कुंडलिक गवंड्याने तो दगडावर ताणून धरला आणि बोटं लावून मोजला. पुन्हा मोजला. "चोवीस बोटं पायजेत," तो म्हणाला. "ही चौदाच भरत्यात. ह्यो काय बाप्याचा हात म्हनायचा?"

अंबूबाई वाकून दोऱ्याकडे बघत होती. मृगाला वीस दिवस उरले होते. पाली गावात मृग लागला की दोन महिने आभाळ उघडत नाही, आणि गेल्या आषाढात तिच्या घराची मागची भिंत बसली होती. तेव्हापासून ती आणि सासू धोंडाबाई गोठ्यात राहत होत्या. आज खुंट्या ठोकल्या तरच पाऊस पडायच्या आत भिंती उभ्या राहून वर कौलं चढणार होती.

दगड येऊन पडले होते. खांब तासून झाले होते. कुंडलिकने सगळं ठरवलं होतं: पाया कातळ लागेपर्यंत खणायचा, जोतं दीड हात उचलायचं, पाऊस पश्चिमेकडून आडवा येतो म्हणून त्या अंगाला खिडकी ठेवायची नाही, पडवी काढायची. घर वीस हात लांब, बारा हात रुंद. फक्त त्या हाताचं, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं, माप यायचं राहिलं होतं. हात घरधन्याचाच लागतो, आणि उजवाच. "दुसऱ्याच्या हातानं आखलं की घर दुसऱ्याचं व्हतं," असं कुंडलिकने माघातच बजावलं होतं.

घरधनी भिमा दोन वर्षं पलटणीत होता, आता लढाईवर इटलीत. अंबूबाईने वेल्ह्याच्या बाजारात टपालवाल्या आनंदरावांकडून पत्र लिहून घेतलं होतं: उजव्या हाताचं माप पाठवावं, कोपरापासून शेवटापर्यंत, दोऱ्यानं. तीन महिने ती वाट बघत होती. रोज दुपारी पायवाटेकडे बघायची आणि कुणी दिसलं नाही की पुन्हा कामाला लागायची. आज आनंदराव स्वतः पत्र घेऊन आले होते आणि गूळपाणी पिऊन दगडावर टेकले होते.

"पुन्ना वाचा की जरा," धोंडाबाई म्हणाली.

आनंदरावांनी चष्मा नीट केला. "'मी खुशाल आहे. आईस दंडवत. मागितले तसे उजव्या हाताचे माप सोबत पाठवले आहे. घर पावसाआधी उभे करावे.' एवढंच आहे, धोंडाबाई. लिहिणाराही कुणी दुसराच असणार, नेहमीसारखा." त्यांनी दोऱ्याकडे पाहिलं. "साहेबाची कात्री लागली असेल. पलटणीची पत्रं उघडतात ते. गावाचं नाव दिसलं की कापतात."

"माज्या लेकाचा हात कापाया त्यो कोन मेला सायब!"

सगळे हसले. अंबूबाईही हसली, पण तिची नजर दोऱ्यावरून हलली नव्हती.

"आता असं करू," कुंडलिक म्हणाला. "सोनबा हाय की. चुलत का हुईना, भाऊच. त्याचा हात घिऊ."

सोनबा पुढे झाला. जागेच्या वाटणीवरून तो वर्षभर कुरकुरत होता. आज त्याने लगेच बाही वर सारली.

"तुमीच म्हनला व्हता, मामा," अंबूबाई म्हणाली, "दुसऱ्याच्या हातानं आखायचं न्हाई म्हनून."

"म्हनलो व्हतो, पोरी. पर मृग काय तुज्या पत्राची वाट बघतोय व्हय?"

तिने दोरा मागून घेतला. कात्री लागली असती तर एक टोक सुटं असतं. तिने दोन्ही टोकं बोटांनी चाचपली. दोन्हीकडे गाठ होती. दोरा कुठेच कापलेला नव्हता. पण गाठी भिमाच्या नव्हत्या. तो वैरणीची पेंढी बांधायचा तीसुद्धा बघत राहावी अशी. या गाठी वेड्यावाकड्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी दोरा चपटा झाला होता, दातात धरून ओढल्यासारखा.

"आलेच," म्हणून ती गोठ्यात गेली.

पेटीत भिमाची पैरण होती. उजव्या कोपरावर तिने स्वतः लावलेलं ठिगळ होतं. तिने पैरण पेटीच्या झाकणावर पसरली, बाहीची सुरकुती काढली. दोऱ्याचं एक टोक ठिगळावर दाबून धरलं आणि दुसरं सरळ ओढत नेलं.

दुसरी गाठ बाहीच्या काठावर आली.

तिने दोरा उचलला, पुन्हा लावला. आधी ढिला, मग ताणून. मग टोकं उलटी करून. गाठ काठावरच येत होती. काठाच्या पुढे झाकणाचं लाकूड तेवढं दिसत होतं. भिमा ही पैरण घालायचा तेव्हा त्या जागी त्याचा पंजा असायचा.

बाहेर पहिली खुंटी ठोकल्याचा आवाज आला. कुंडलिक मोठ्याने मोजत होता, "एक हात... दोन हात..."

अंबूबाई पैरण तशीच टाकून बाहेर आली. सोनबा दोरीवर कोपर टेकून ओणवा झाला होता. ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि ठोकलेली खुंटी दोन्ही हातांनी उपटून काढली.

"वैनी, ह्ये काय?" सोनबा म्हणाला.

"अगं, खुळी का काय तू?" धोंडाबाई ओरडली. "येवढ्याशा दोऱ्यानं आखलं तर खुराडं व्हईल. त्यात माजा भिमा मावंल का?"

अंबूबाईने सासूकडे पाहिलं नाही. तिने दोरा कुंडलिकच्या तळव्यावर ठेवला आणि त्याची मूठ मिटवली.

"आखा, मामा," ती म्हणाली. "त्यांचा उजवा हात आता येवढाच हाय."