एकट्याची कंपनी

जे. पी. नगरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सुखदा आणि अभिमन्यूने मिळून कंपनी काढली. पुढे त्याने तिला बाहेर काढलं. कंपनीवर सिनेमा आला, त्यात तर ती कुठेच नव्हती. पडद्यावर अभिमन्यू एकटाच सगळं उभारत होता. सुखदा तो बघून आली.

वर्षभरात ग्राहकांची खासगी माहिती विकल्याची केस झाली. घाबरलेल्या अभिमन्यूचा फोन आला.

"सुखदा, प्लीज! मी एकटा नव्हतो, तूही फाउंडर होतीस, एवढं पोलिसांना सांग ना."

"ते सकाळीच येऊन गेले."

"मग? काय सांगितलंस?"



"सिनेमाचं खूप कौतुक केलं. म्हटलं, जसं घडलं अगदी तसंच दाखवलंय."