फाटका आवाज
घशाच्या ऑपरेशननंतर सहा महिने बाईंच्या तोंडून कुजबुजीपलीकडे काही फुटत नव्हतं. जन्मभर वर्ग गाजवलेल्या बाई रोज सकाळी संगणकावर एक धडा वाचून रेकॉर्ड करायच्या. डॉक्टरांनी सांगितलेला सराव. आज मात्र आवाज चरचरत, फाटून ऐकू आला. नवऱ्याने वायर बदलली, पंखा बंद केला, संगणक पुन्हा सुरू केला. फरक शून्य. “यंत्राला कशाला दोष देता? माझाच गळा गेलाय!” बाई रडकुंडीला आल्या. पडद्यावरची आवाजाची पट्टी लालभडक पाहून ते हरखले. “अगं, तुझी कुजबुज पकडायला माइकचं बटण पूर्ण फिरवून ठेवलं होतं. आता तुझा आवाजच त्यात मावत नाही!” त्यांनी बटण निम्म्यावर आणलं. बाईंनी पुन्हा वाचलं; शब्द खणखणीत उमटले. “अहो, हे मी वाचलं?” बाई ओरडल्या. शेजारीण धावत खिडकीत आली, “बाई, पुन्हा ओरडा!”