आजोबांवर गेलेला

"आजोबांचं सांग ना यांना, अक्का," धाकट्यानं डॉक्टरकडे बघत बहिणीला कोपरानं ढोसलं.

मग तिची वाट न बघता त्यानं स्वतःच सुरुवात केली. आजोबा म्हणजे वडिलांचे वडील. डोळे उघडले की सिगारेट, मिटायच्या आधी सिगारेट. नव्वदी ओलांडली तरी जिना धडाधड चढायचे, आणि गेले ते शेवटी पाय घसरून. "फुप्फुसं शेवटपर्यंत ठणठणीत! आणि मी थेट त्यांच्यावर गेलोय. हे नाक बघा, कपाळ बघा. कुणालाही विचारा."

साठीला टेकलेला माणूस, सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवणारा. त्याचं तोंड कधी रिकामं म्हणून नसायचं. काम करताना ओठांत बारीक खिळे, एरवी सिगारेट. समोरच्या पडद्यावर त्याच्याच छातीचा स्कॅन लावलेला होता, त्यावरच्या पांढऱ्या डागावर डॉक्टरनं आत्ताच बोट ठेवलं होतं, आणि हा पठ्ठ्या आजोबांचं नाक दाखवत होता.

डॉक्टर त्याच्या मुलीच्या वयाची होती. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "नाक कोणाचं ते दिसतं," ती म्हणाली. "आतलं कोणाकडून आलं ते दिसत नाही. आईकडचं सांगा. आई कशानं गेल्या?"

"मी दोन वर्षांचा होतो तेव्हा. तापानं गेली. हो ना गं?"

अक्कानं मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

"ताप नव्हता," ती म्हणाली. "छातीतली गाठ होती. हेच. मग आईचे दोघे भाऊ गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नाही कुणी. आई कधी ओढत नव्हती. मामा ओढायचे."

आई गेली तेव्हा अक्का शाळेत जात होती. पोराच्या मनात उगाच भीती घालायची नाही, असं वडिलांनी बजावलं होतं. तिनंही त्यांचं ऐकलं, आणि ते गेल्यावरही ऐकतच राहिली. पोर आईसाठी रडायला लागलं की ती त्याला उचलून आरशासमोर धरायची. बघ, तू थेट आजोबांवर गेलायस! पोर खुदकन हसायचं. पुढे त्यानं सिगारेट धरली, बायको सोडा सोडा म्हणून मागे लागली, तेव्हाही अक्कानंच त्याची बाजू घेतली. त्याला काही होत नाही गं, आजोबांवर गेलाय तो. इतक्या वेळा म्हटलं की तिचं तिलाच ते खरं वाटायला लागलं. त्याच्या शेजारी बसून गाद्यांची कव्हरं शिवताना कधी मामांची आठवण आलीच, तर ती मशीन जोरात चालवायची.

"म्हणजे आईमुळे झालं की सिगारेटमुळे?" धाकट्यानं विचारलं. दोन्हींपैकी एकावर खापर फुटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"असं वेगळं काढून सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाली. "धूर सगळ्यांनाच पोखरतो. आजोबा निसटले, ते त्यांचं नशीब. पण काही घरांत शरीराला तो मार भरून काढायला जमत नाही, आणि ते आईबापांकडून मुलांत उतरतं. तुमच्यात ते उतरलं असावं. नुसतं तेवढंच असतं तर कदाचित आज तुम्ही इथे बसला नसता. त्यावर इतकी वर्षं धूर गेला. दोन्ही एकत्र आले की धोका नुसता दुप्पट होऊन थांबत नाही."

धाकटा चिडला नाही. चिडला असता तर अक्काला हलकं वाटलं असतं. त्यानं सवयीनं खुर्चीची उसवलेली शिवण बोटानं आत सारली.

"मी सोडली असती," तो म्हणाला. "हे माहीत असतं तर खरंच सोडली असती, अक्का. मुलगी झाली तेव्हा सोडलीच होती की. तूच तेव्हा म्हणालीस, आजोबांवर..."

अक्काला वाटलं, त्यानं पूर्ण बोलावं. डॉक्टरसमोरच बोलावं, ओरडावं.

"मुलं किती?" डॉक्टरनं विचारलं.

"एकच मुलगी."

"ती ओढते?"

"छे छे!" पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जोर आला. "तिला वास सहन होत नाही. मी पेटवली की खोलीतून उठून जाते."

"मग बरंय," डॉक्टर म्हणाली आणि पुढच्या तपासण्यांचं सांगायला वळली.

अक्का जमिनीकडे बघत होती. आत्या, बाबांना सांगू नकोस हं, असं पोरीनं गळ्यात हात टाकून म्हटलं होतं, आणि अक्कानं शब्द दिला होता. पोरीचा जीव होता आत्यावर. हा शब्द मोडला की ती पुन्हा जवळ यायची नाही, हे अक्काला स्वच्छ दिसत होतं.

"ओढते," अक्का म्हणाली.

डॉक्टर थांबली. धाकटा बहिणीकडे वळला.

"दुकानाच्या मागच्या पायऱ्यांवर. तू जेवायला गेलास की. दोन वर्षं तरी झाली असतील. मी बघितलंय."

त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण खोकला आला. डॉक्टरनं पाणी पुढे केलं. दोन घोट पिऊन त्यानं पेला सांभाळून टेबलावर ठेवला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "तू बघितलंस, तेव्हा तिला काय म्हणालीस?"

"काही म्हणाले नाही," अक्का म्हणाली. "हसले."