घाबरायचं काम

वाटाड्याने दिवा विझवला आणि घड्याळजीने शेजारचा हात घट्ट धरला.

"लढाईच्या दिवसांत सगळं गाव या गुहेत लपलं होतं," वाटाड्या अंधारात सांगत होता. "उजेड बाहेर दिसला असता, म्हणून दिवा लावायची सोय नव्हती. कसं वाटत असेल, बघा जरा."

घड्याळजीचं लक्ष नव्हतं. त्याने बोटांत बोटं अडकवली होती. लग्न झाल्यापासून तो असाच बायकोचा हात धरत आला होता. थिएटरात, जिन्यात, वीज गेली की घरात. "आमच्या हिला अंधाराची भारी भीती," तो चारचौघांत हसून सांगायचा. "आहेच मी भित्री," बायको म्हणायची. झोपायच्या खोलीतला दिवा रात्रभर चालू असायचा, तोही तिच्यासाठीच. तिला जाऊन वर्ष होत आलं. दिवा अजून चालूच होता.

वाटाड्याने पुन्हा उजेड केला. घड्याळजीच्या हातात परक्या बाईचा हात होता. सकाळपासून त्यांच्याच गटात चालणारी, बँकेत काम करणारी बाई. तिने हात झटकला.

"काय हो आजोबा, वयाचा तरी विचार करा!" तिचा नवरा कडाडला.

गुहा लहान, माणसं खांद्याला खांदा लावून उभी. सगळे घड्याळजीकडे बघत होते. त्याचा मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"माफ करा, ताई," घड्याळजी चाचरला. "मला वाटलं, आमची सूनबाई. तिला अंधाराची भीती वाटते ना, म्हणून..."

सून त्याच्या मागेच उभी होती. ती इंजिनियर होती, डोंगरात बोगदे खणायच्या कामावर. चढ चढताना तिने बोगद्यातल्या गमती सांगून सगळ्यांना हसवलं होतं. घड्याळजीला हे आठवलं, पण शब्द तोंडातून गेले होते.

"बोगदेवाल्या बाईंना अंधाराची भीती?" कुणीतरी म्हणालं. "मग झालंच की!"

"म्हणून तर आम्ही तिथे एवढे दिवे लावतो," सून म्हणाली. "मीच बाबांना म्हटलं होतं, हात धरा. त्यांचा अंदाज चुकला. सॉरी हं, ताई."

लोक हसले. बँकवालीचा नवराही हसला. हसले ते सुनेला. घड्याळजीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. पण तो तिच्या पोटातच उभा होता.

वाकून सगळे आतल्या खोलीत गेले. ही पहिलीपेक्षा लहान होती. "इथे बायका-मुलं असायची," वाटाड्या म्हणाला आणि त्याचा हात दिव्याकडे गेला. घड्याळजीने दोन्ही हात खिशात कोंबले. दातावर दात दाबले.

सून गर्दीतून वाट काढत शेजारी आली.

"बाबा, हात द्या."

त्याने मान वर केली नाही. "तुला कुठे गं भीती वाटते? मी उगाच तुझं नाव घेतलं. चार लोकांत तुझं हसं केलं."

तिने त्याचा हात खिशातून ओढून काढला.

"उगाच कसं?" ती त्याच्या कानाशी म्हणाली. "घाबरायचं काम आई जाताना माझ्याकडेच सोपवून गेल्यात."