सात डबे

तिसऱ्या डब्यातही बदाम लावलेल्या काकवीच्या वड्याच निघाल्या, तेव्हा टोरबोर्गबाईंनी हातातलं झाकण खाली ठेवलं. त्यांनी सातही डबे टेबलावर ओळीने मांडले आणि एकेकाचं झाकण पुन्हा काढून पाहिलं. डबे सात, प्रकार पाच. काकवीच्या वड्या तीनदा झाल्या होत्या. क्रुमकाके या पातळ, कुरकुरीत बिस्किटाची एकही सुरळी नव्हती, आणि गोरो ही नक्षीची चौकोनी बिस्किटं भाजायचा लोखंडी साचा भिंतीवरच्या खिळ्याला धूळ खात लटकत होता.

त्या गावात नाताळला घरात बिस्किटा-वड्यांचे सात प्रकार हवेत म्हणजे हवेत. सहा केले ती आळशी, आठ केले ती मिरवणारी. बाई पंचावन्न वर्षं सात करत आल्या होत्या, कागदाचा कपटा न बघता. यंदा तर त्या सातांवर सगळंच अवलंबून होतं. ऑक्टोबरात शेगडीवर बटाटे उकडत ठेवून त्या लोकर आणायला गेल्या आणि तिथेच गप्पांत रमल्या. परतल्या तेव्हा अंगणात आगीचा बंब उभा होता. त्यांच्या मुलाने, आइविनने, आवाज चढवला नाही. चर्चखालच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी होतेय, नाताळ झाला की बोलू, एवढंच म्हणाला. तो ओरडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. त्याच दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, की नाताळच्या टेबलावर सातच्या सात मांडायचे. मग हिचं डोकं ठिकाणावर नाही असं म्हणायची कुणाची छाती होते, ते बघू.

म्हणून यंदा सगळं वेळेआधी झालं. स्वयंपाकघराला लाल पडदे लागले. झाडावर छोट्या झेंड्यांच्या माळा चढल्या. सणाचा लोकरी पोशाख कपाटाबाहेर आला आणि त्यावरची चांदीची फुलं घासून लखलखीत झाली. आणि आता उद्यावर नाताळ आला असताना डब्यांनी दगा दिला. लोणी संपलं होतं. असतं तरी हातात बळ राहिलं नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. सून आली होती, सोलरून. पोशाखाचं जाकीट बाईंना घट्ट व्हायला लागलं होतं, ते शिवणी सोडून सैल करून तिने आणलं होतं. सोलरून शहरातली. शिवणात तिचा हात चालतो पण पिठात नाही, असं बाई वीस वर्षं सगळ्यांना सांगत आल्या होत्या, तिच्यादेखत. ती ऐकून हसायची.

बाईंनी झटपट झाकणं लावली आणि डब्यांवर टेबलपोस अंथरला. त्यांचं नशीब बरं होतं. सोलरूनने बूटही काढले नाहीत. गाडी चालूच ठेवलीय, घरी मुलं वाट बघतायत, निघते, असं म्हणून तिने जाकीट खुर्चीवर ठेवलं आणि कडीला हात घातला.

बाईंना सुटल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच. सणाच्या दिवसांत घरी आलेलं माणूस काही न खाता गेलं, तर त्या घरचा नाताळ सोबत घेऊन जातं, अशी तिथली समजूत होती. बाईंची आई एकदा हातात एक बिस्कीट घेऊन गुडघाभर बर्फातून पोस्टमनच्या मागे धावली होती. आता गप्प बसलं तर गुपित राहणार होतं. पण या घरातला नाताळ आजवर कुणी बाहेर नेला नव्हता, आणि म्हातारपणाच्या भीतीपायी तो बाईंना जाऊ देववेना.

"थांब," त्या म्हणाल्या. "काहीतरी तोंडात टाकून जा."

त्यांनी टेबलपोसाखालून हाताला आला तो डबा काढून पुढे केला. सोलरूनने एक वडी उचलली, खाल्ली. मग त्या घरात सगळेच करतात तसं तिने सहज टेबलपोस सारला आणि पुढच्या डब्याचं झाकण उघडलं. काकवीच्या वड्या. त्याच्या पुढचं उघडलं. काकवीच्या वड्या. खिळ्यावरच्या साच्याकडे तिने एकदा पाहिलं आणि झाकणं हळूच परत लावली.

बाईंना रडायचं नव्हतं, तरी डोळे भरलेच. लपवून लपवून त्या थकल्या होत्या.

"आइविनला सांगून टाक," त्या म्हणाल्या. "ती खोली माझ्यासाठी धरून ठेव म्हणावं."

सोलरून बाहेर गेली. उंबऱ्यावर पडलेला बर्फ तिच्या बुटांखाली करकरला. बाई खुर्चीत बसून ती निघून जायची वाट बघत राहिल्या. पण गाडी निघाल्याचा आवाज आला नाही. उलट इंजिन बंद झालं.

सोलरून परत आली ती दोन डबे काखोटीला मारून. बूट काढले, कोट टांगला आणि डबे टेबलावर ठेवून उघडले. एकात क्रुमकाके, दुसऱ्यात गोरो. गोरोच्या कडा जरा जास्तच भाजल्या गेल्या होत्या.

"रविवारी माळा लावायला आले तेव्हाच डबे बघून गेले होते," ती म्हणाली. "उद्या तुम्ही चर्चला निघालात की गुपचूप बदलणार होते."

बाईंनी गोरोची एक करपलेली कड मोडून चाखली. मग त्यांनी विचारलं, "आणि आइविनने ओळखलं तर?"

सोलरूनने काकवीच्या वड्यांचे दोन डबे बाजूला काढले आणि त्यांच्या जागी आपले ठेवले.

"मागच्या वर्षीही मी तीन डबे असेच गुपचूप बदलले होते, आई. त्यातलं खाताना तो सगळ्यांना म्हणाला, आमच्या आईच्या हाताची चव सोलरूनला काही जमायची नाही."